बादलीवरची श्रीमंतीण

श्रीमंत बाईनं बसावं कसं, हे वर्ना प्रुइटला पैसा येण्याच्या तीन वर्षं आधीपासून पाठ होतं. कणा ताठ, हनुवटी जराशी वर, आणि मनगट खुर्चीच्या हातावरून असं सोडलेलं, की आत्ता कुणीतरी येईल, वाकेल आणि त्याचं चुंबन घेईल. कुणी येत नसे, ते वेगळं. पण वर्नाचं ते कामच होतं. त्याचाच तिला पगार होता.

हॉलिवूडच्या टेकड्यांमागच्या आमच्या स्टुडिओत तेव्हा एक तळं होतं. पाण्यात निळा रंग, काठाला वाळू, वाळूत माड. टीव्हीवर ते भर समुद्रातलं बेट दिसायचं. प्रत्यक्षात माडांच्या मागे भिंत होती आणि भिंतीच्या मागे गाड्यांचा हमरस्ता, त्यामुळे एखाद्या ट्रकनं भोंगा वाजवला की बेटावरचे सगळे थांबायचे. मालिकेचं नाव 'ओहोटी'. बोट फुटून बेटावर अडकलेली चार-सहा माणसं, त्यांची फजिती, आणि त्यात एक शेठाणी. जहाज बुडालं तरी हिचा तोरा बुडालेला नाही. शहाळ्यातलं पाणीसुद्धा ती 'थंड नाही' म्हणून परत पाठवते. ही शेठाणी करायच्या मिस कॉर्डेलिया फेअरबर्न. सहासष्ट साली त्यांना देशभरात कोण ओळखत नव्हतं?

आणि वर्ना? वर्ना त्यांच्या जागी बसायची.

म्हणजे असं. एकेका दृश्याचे दिवे लावायला तास तास जातो. तेवढा वेळ नटनट्यांना त्या उन्हाळ्यात कोण भाजत बसवणार? मग त्याच उंचीची, त्याच केसांची, तशाच कपड्यातली माणसं त्यांच्या जागेवर बसवायची. ही दुसरी फळी. आमचा पेट्राकिस, दिग्दर्शकाचा मदतनीस, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचा, "दुसरी फळी!" की वर्ना जाऊन बसली. कॅमेरावाला इम्रे तिच्या नाकाची सावली, गळ्याची सुरकुती, सगळं बघून दिवे सरकवायचा. सगळं जमलं की पेट्राकिस ओरडायचा, "पहिली फळी!" आणि वर्ना उठायची, डावीकडे दोन पावलं सरकायची आणि नाहीशी व्हायची. तिच्या ऊब लागलेल्या खुर्चीत मिस फेअरबर्न येऊन बसायच्या. बसायचं एकीनं, दिसायचं दुसरीनं.

मी कपडेपटात होते. शेठाणीचा प्रत्येक झगा मी दोनदा शिवायची: एक रेशमाचा, एक वर्नाचा.

जेवणाच्या सुट्टीत तर आमच्याकडची वर्णव्यवस्था बघण्यासारखी. पहिल्या फळीला खोलीत गरम जेवण, पांढरा रुमाल, सूप. आम्हाला पुठ्ठ्याचा डबा: एक सँडविच, एक उकडलेलं अंडं, एक सफरचंद, आणि सफरचंद नेहमी ज्या बाजूनं बघाल त्याच्या दुसऱ्या बाजूनं सडलेलं. खुर्च्यांचंही तसंच. मोठ्यांच्या कापडी खुर्च्या, पाठीवर ज्याचं त्याचं नाव. त्या रिकाम्या असल्या तरी त्यावर बसायचं नाही. माणूस थकून खाली पडला तर जमिनीवर पडावा, नावावर पडू नये.

म्हणून वर्ना बादलीवर बसायची.

बादली ऑरिन स्टबलची. ऑरिन आमचा माळी. त्याच्या ताब्यातले अर्धे माड खरे आणि अर्धे प्लास्टिकचे, आणि तो दोघांनाही सारख्याच मायेनं धुवायचा. साठीला टेकलेला, अविवाहित, उंच, वाकलेला. एक वाक्य सुरू करायचा आणि ते संपेपर्यंत आमचं अंडं सोलून व्हायचं. पहिल्याच वर्षी त्यानं वर्नाला उभ्यानं जेवताना पाहिलं, काही न बोलता पाण्याची बादली पालथी घातली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर नारळाचा काथ्या भरलेली एक उशी ठेवली. हिरव्या कापडाची. कापड माझ्याकडूनच नेलं होतं, "थोडं... काहीतरी... झाकायला," म्हणाला होता.

तेव्हापासून बादलीवर वर्ना, वाळूत ऑरिन. मध्ये त्याच्या परसातले टोमॅटो आणि मीठ.

"अहो ऑरिन, आजचा जरा आंबट आहे."

"तो... घाईनं पिकला, मिसेस प्रुइट."

"तुमच्या इथं घाई करणारं कुणीतरी आहे म्हणायचं!"

यावर ऑरिन कानाच्या पाळीपर्यंत टोमॅटो व्हायचा.

रविवारी दोघं रेडोंडोच्या धक्क्यावर जायची. गळ टाकून बसायची, मासा मिळाला तर सोडून द्यायची आणि तळलेले शिंपले विकत घेऊन खायची. सगळ्या सेटला माहीत होतं की ऑरिन एक दिवस वर्नाला विचारणार. पेट्राकिस तर म्हणायचा, "मालिका बंद पडेल, तळं आटेल, मग हा तोंड उघडेल."

आणि मग एका गुरुवारी ऑरिन एक गडद निळी पँट घेऊन माझ्याकडे आला.

"चेलो, जरा... खालून आखूड करशील? रविवारी हवीय."

"रविवारी? धक्क्यावर? शिंपल्यांच्या तेलात?"

"हो." त्यानं पँटची घडी सारखी केली. "या रविवारी पँट... चांगली हवी."

मी सुई दाताखाली धरली म्हणून बरं, नाहीतर ओरडलेच असते. त्याच संध्याकाळी पँट करून खुंटीला टांगली.

शुक्रवारी दुपारी स्टुडिओच्या फाटकावर वर्नाला फोन आला.

तर वर्नाचा नवरा, एल्मर. जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. त्याला जमिनी घ्यायची हौस, आणि खिशाला परवडेल अशी जमीन मिळायची ती फक्त वाळवंटात. मोहाविकडे कुठेतरी त्यानं एक तुकडा घेतला होता, तिथं पाणी नाही, रस्ता नाही, सरडेसुद्धा वाट चुकून आलेले. वर्ना म्हणायची, "माझ्या नवऱ्यानं मला सरड्यांची सासू करून ठेवलंय." आता नेमक्या त्याच सरड्यांवर विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीला कारखाना उभारायचा होता. किती दिले ते सांगत नाही, वर्नानंही मला कधी सांगितलं नाही. फोन ठेवून ती परत आली तेव्हा बादलीवर बसली आणि ऑरिनला म्हणाली, "एल्मर शहाणा निघाला हो. आता त्याला कसं कळवू?"

ऑरिननं टोमॅटो अर्धा कापला होता. तो तसाच हातात राहिला.

त्या रविवारी धक्का नाही. वकील होता. पुढच्या रविवारी दुकानं. त्यापुढच्या रविवारी घर बघायला जायचं होतं. पँट माझ्या खुंटीवर.

"घेऊन जा ना," मी म्हटलं.

"राहू दे," ऑरिन म्हणाला. हे वाक्य मात्र त्यानं चटकन संपवलं.

"का पण? विचारा की सरळ!"

"तेव्हा विचारलं असतं तर... माणूस विचारतोय असं झालं असतं. आता विचारलं तर... हात पसरल्यासारखं होतं."

मी पँटवरची धूळ झटकली आणि ती तशीच खुंटीवर ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, पैसा आला, मग वर्नानं काम का सोडलं नाही? मीही विचारलं. ती म्हणाली, "घरी बसून करू काय? मला फक्त बसता येतं, आणि ते इथंच नीट येतं." पण ती येऊ लागली ती भाड्याच्या मोटारीतून, चालकासकट. आणि श्रीमंत माणूस वागतो कसा, हे तिनं आयुष्यात पाहिलं होतं ते एकाच ठिकाणी: आमच्या बेटावर. त्यामुळे तिनं जे उचललं ते सगळं शेठाणीचं. चालकाला "भल्या माणसा" म्हणणं. आश्चर्य वाटलं की छातीवर हात ठेवून "देवा रे" असं पडद्यासाठी केल्यासारखं म्हणणं. मनगट तर काय, आता कॅमेरा नसतानाही लोंबू लागलं. मला वाटायचं, हिला कुणीतरी सांगावं की बाई, हे लिहिणारी तीन माणसं खालच्या मजल्यावर भाड्याच्या टाइपरायटरवर बसतात आणि त्यातल्या एकाच्याही चपलेचे दोन्ही बंद शाबूत नाहीत.

मग आला कोट. मिंकच्या केसाळ कातड्याचा, खराखुरा. बाहेर उन्हानं डांबर वितळत होतं आणि वर्ना तो घालून जागेवर जाऊन बसली.

इम्रेनं कॅमेऱ्यातून पाहिलं. डोळा काढला. पुसला. परत लावला.

"वर्ना, हे काय पांघरलंय?"

"मिंक आहे," वर्ना मनगटासकट म्हणाली.

"भिजलेलं मांजर दिसतंय. तो खोटा कोट घाल, चेलोचा. तो कसा चमकतो! खोटा पाहिजे, खरा काही श्रीमंत दिसत नाही."

सगळे हसले. वर्ना हसली नाही. खोटा कोट तिनं घातला, पण तोंड दिवसभर त्या सडक्या सफरचंदासारखं.

आणि त्यानंतर आठवड्याभरात आली खुर्ची. कापडी, नवी कोरी, पाठीवर पांढऱ्या अक्षरात 'वर्ना प्रुइट'. तिनं ती नेऊन ठेवली कुठे, तर पहिल्या फळीच्या ओळीत. सेटवर असं काही शांत झालं, की मागच्या हमरस्त्यावरचे ट्रक मोजता आले असते. दुसऱ्या फळीतला एकजण पुटपुटला, "आता आम्ही काय, उठून सलाम करायचा?" पेट्राकिसनं डोकं खाजवलं. नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण असं कुणी करील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ऑरिननं बादली उचलली, उशी झटकून काखेत मारली आणि माडांच्या मागे गेला.

"ऑरिन, बादली कुठं नेता?" वर्नानं हाक मारली.

"पाण्याला... लागते आहे," तो म्हणाला. खरंच, बादलीच होती ती. पाण्यालाच लागते.

लेखकांच्या खोलीला कान असतात. वर्नाची बातमी खाली पोचली आणि लगेच नवा भाग लिहून वर आला: बेटावरच्या स्वैपाकिणीला रेडिओवरून कळतं की तिच्या कुण्या काकांची इस्टेट तिला मिळाली. मग शेठाणी, जिनं आजवर तिला नावानं हाक मारली नाही, ती बांबूच्या टेबलावर तिला पंक्तीला बसवते. 'आपल्यातली' म्हणते. शेवटी रेडिओचा घोटाळा निघतो आणि स्वैपाकीण पुन्हा चुलीशी.

आम्ही हे वाचून पोट धरून हसलो. मिस फेअरबर्नही हसल्या. आणि वाचन संपल्यावर वर्नाजवळ जाऊन, तीन वर्षांत पहिल्यांदा, म्हणाल्या, "व्हेरा, अगं रविवारी काय करते आहेस?"

"वर्ना," वर्ना म्हणाली.

"हो ना. मिसेस आल्ड्रिचकडे जेवायला ये माझ्याबरोबर. पासाडिनाला. अगदी जुनं घराणं. आपल्यातलीच माणसं."

'आपल्यातली' म्हणताना आवाजसुद्धा तोच होता. मी तिथंच टाचण्या लावत होते. मिस फेअरबर्नना एक नाटक काढायचं होतं, गावोगाव न्यायचं होतं, आणि त्यासाठी पैसेवाल्या बायकांचं एक मंडळ त्या जमवत होत्या, हे सेटवरच्या दिव्यांनाही ठाऊक होतं. वर्नाला नसेल असं नाही. पण तिचे डोळे असे लुकलुकले, की मला तिच्या अंगावर टाचणी टोचवेना.

ऑरिन शेजारच्याच माडाला पाणी घालत होता. वर्ना त्याला म्हणाली, "या रविवारीही नाही जमणार हो."

"नाही... हरकत नाही. मी तसाही..." माडाची पूर्ण अंघोळ झाली. "ऑरेगॉनला बहीण असते माझी. तिची सफरचंदांची बाग आहे. महिनाअखेर जातोय. कायमचाच."

"कायमचे?" वर्ना म्हणाली.

पण तेवढ्यात मिस फेअरबर्ननी विचारलं, "तुझ्याकडे मोत्यांचं काही आहे ना गं?" आणि वर्ना तिकडे वळली.

रविवारी वर्नानं मला सोबत नेलं, कोटाच्या आत घातलेला कपडेपटातला झगा मागून उसवत होता म्हणून. पासाडिनाचं ते घर मोठं होतं, पण रंग उडालेला. दारात एक म्हातारी गुलाबाच्या वाफ्यातून उठली. हाताला माती, स्वेटरच्या कोपराला भोक, पायात पुरुषी बूट. वर्ना तिला म्हणाली, "भली बाई, मालकीणबाईंना सांग, मिसेस प्रुइट आल्यात."

"सांगितलं," म्हातारी म्हणाली. "मीच. या आत, कुत्र्याला लाथ लागू देऊ नका, तो दारातच झोपतो."

मी जमिनीकडे बघितलं. वर्नानं कुठं बघितलं ते मला माहीत नाही.

मिस फेअरबर्न अजून आल्या नव्हत्या. नटीनं उशिराच यायचं असतं. मिसेस आल्ड्रिचनी वर्नाला खिडकीजवळच्या चांगल्या खुर्चीत बसवलं. आणखी दोघी बायका होत्या, त्यांचेही स्वेटर तसलेच. टेबलावर अंड्याचं सँडविच. मला तर आमचा पुठ्ठ्याचा डबाच आठवला, फक्त सफरचंद चांगलं होतं. वर्ना ताठ. हनुवटी वर. मनगट खाली. मिंकमध्ये घामाच्या धारा.

आणि दार उघडलं. मिस फेअरबर्न उंबऱ्यात थांबल्या, हात पसरले, आणि टाळ्यांना जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ देऊन म्हणाल्या, "माझ्या लाडक्यांनो!"

वर्ना उठली. डावीकडे दोन पावलं सरकली. भिंतीला लागून, हात पुढे जुळवून, उभी राहिली.

सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. कुत्रासुद्धा.

"का हो? ढेकूण आहेत का खुर्चीत?" मिसेस आल्ड्रिचनी विचारलं.

वर्नाला तेव्हा कळलं आपण काय केलं. मान लाल झाली. "सवय हो," ती म्हणाली. "या आल्या की मी उठते."

"व्हेरा माझी फार जुनी मैत्रीण," मिस फेअरबर्न घाईघाईनं म्हणाल्या.

"नाही हो," वर्ना म्हणाली. मला अजून कळलेलं नाही की हे तिच्या तोंडून धैर्यानं निघालं की घामानं. "मी यांची खुर्ची गरम करते. दिवे लागेपर्यंत."

मिसेस आल्ड्रिच अशा हसल्या, की त्यांचे दात हलले. "आणि पगार मिळतो याचा? मला सांगायचं नाही का आधी! मी चाळीस वर्षं फुकट करतेय. बसा, बसा दोघी."

दोघी बसल्या, टेबलाच्या दोन टोकांना. आणि तो प्रकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. मिस फेअरबर्ननी कप उचलला, करंगळी वर. वर्नानं कप उचलला, करंगळी वर. यांनी मान तिरकी केली, तिनं केली. यांचं मनगट लोंबलं, तिचंही. तीन वर्षांचा सराव, काय करणार! मधल्या बायका इकडे बघ, तिकडे बघ, टेनिसचा सामना चालल्यासारख्या.

शेवटी मिसेस आल्ड्रिच काळजीनं म्हणाल्या, "तुम्हा दोघींचीही पाठ धरलीय का? गरम पाण्याची पिशवी देऊ?"

मिस फेअरबर्नचं मनगट हळूच वर आलं आणि मांडीवर जाऊन बसलं. मग वर्नाचं. मिस फेअरबर्न स्क्रँटन गावच्या एका धोबिणीची मुलगी, हे मला त्यांच्या मापांबरोबरच माहीत होतं. त्यांनीही श्रीमंती कुठून तरी बघूनच उचललेली. बहुतेक दुसऱ्या कुणाच्या नाटकातून.

परतताना मोटारीत वर्नानं कोट काढून चालकाच्या शेजारी टाकला.

"चेलो, त्या बाईच्या कोपराला भोक होतं."

"हो."

"कुत्र्यानं त्यांच्या ताटातलं अर्धं सँडविच खाल्लं आणि उरलेलं अर्धं त्यांनी खाल्लं."

"बघितलं मी."

"मग गं, मी इतके दिवस हे काय करत होते?"

पुढच्या वळणावर ती म्हणाली, "आज शिंपले मिळाले असते."

सोमवारी सकाळी ती झगा परत द्यायला कपडेपटात आली. खुंटीवर निळी पँट.

"ही कुणाची? बेटावर इतकी चांगली पँट कोण घालतं?"

मी काही गोष्टी पोटात ठेवू शकते, पण ती पँट माझ्या डोळ्यासमोर इतके रविवार टांगलेली होती. सांगितलं. गुरुवार सांगितला, आणि त्याच्या नंतरचा शुक्रवार तिचा तिलाच कळला. ती पँटची शिवण बोटानं चाचपत राहिली. "फोनच्या आदल्या दिवशी," म्हणाली. "एल्मर, मेल्या, एक आठवडा थांबला असतास तर!"

त्या दिवशी बांबूच्या टेबलाचं दृश्य होतं. शेठाणी, शेजारी तिचा नवरा, समोर स्वैपाकीण. पेट्राकिस ओरडला, "दुसरी फळी!" वर्ना जाऊन बसली. स्वैपाकिणीच्या जागची बसली. शेठजींच्या जागी बसणारा मात्र आलाच नाही, पाठीत उसण भरली होती.

"कुणी उंच माणूस द्या!" इम्रे ओरडला. "कुणीही!"

पेट्राकिसनं चारी बाजूंना पाहिलं. माडामागून एक डोकं दिसत होतं. "ऑरिन! ये इकडे. बस."

"मी? मला... नाही..."

"बोलायचं नाही, बसायचं. माडासारखं. तुला येतं ते."

ऑरिन हातपाय आखडून वर्नाच्या शेजारी बसला, आणि दिवे लागले. आता आमच्याकडचा एक पक्का नियम: दिवे लागल्यावर जागेवरून उठायचं नाही. केस हलला तर इम्रे ओरडतो. बोलायला बंदी नाही. पळायला आहे.

वर्ना समोर बघत, ओठ जेमतेम हलवत म्हणाली, "तुमची पँट चेलोकडे टांगलीय."

ऑरिनच्या कपाळावर घाम. "दिव्यांचा... फार उकाडा आहे."

"मला दिवे सांगू नका. विचारायचं होतं ते विचारा."

"डोकं डावीकडे, ऑरिन!" इम्रे.

ऑरिननं डोकं डावीकडे केलं, म्हणजे वर्नाकडे. आता सुटका नाही.

"ते तेव्हाचं होतं, मिसेस प्रुइट. आता लोक म्हणतील... बाईच्या पैशावर..."

"तीन वर्षं मी तुमच्या बादलीवर बसले. तुमचे टोमॅटो खाल्ले. तेव्हा कुणी म्हणालं का, बाई माळ्याच्या जिवावर जगते?"

"बादली... स्टुडिओची आहे."

"उशी?"

ऑरिननं मान वळवायला पाहिलं, पण दिवे लागलेले होते.

"उशी कुणाची?" वर्नाचा आवाज चढला. दिवेवाले शिडीवर थांबले होते. मी टाचण्यांचा डबा छातीशी धरून उभी.

"उशी... माझी."

"सावली पडतेय! वर्ना, हनुवटी वर!" इम्रे.

"नाही करत वर!" वर्ना म्हणाली. "कंटाळा आला मला त्या हनुवटीचा. ऑरिन, मला नीट बसायचं कसं ते विसरायला झालंय. मला माझी बादली हवी."

सगळं जमलं होतं. सावल्या जमल्या, रंग जमला. मिस फेअरबर्न रेशमी झग्यात वाळूच्या कडेला येऊन उभ्या होत्या. पेट्राकिस दगड नव्हता, पण वेळ म्हणजे पैसा, आणि पैसा त्याचा नव्हता. त्यानं हात तोंडाशी नेले. "पहिली फळी!"

मी वर्नाचे गुडघे पाहिले. ते उठले. सवयीनं, अर्धे. आणि मग तिनं ते परत खाली बसवले.

"थांब रे पेट्राकिस," ती म्हणाली. "दुसऱ्या फळीचं अजून झालं नाही."

असं आमच्या स्टुडिओत कुणी कधी म्हणालं नव्हतं. पेट्राकिसचे हात तोंडापाशीच राहिले. सगळ्यांचं लक्ष मिस फेअरबर्नकडे. एका शब्दात त्या वर्नाला फाटकाबाहेर काढू शकत होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांची खुर्ची ओळीत, दूर. जवळ फक्त माडाखालची पालथी बादली, उशीसकट. त्या रेशमाच्या झग्यानिशी तिच्यावर बसल्या. जरा हलून बघितलं.

"आरामशीर आहे की," म्हणाल्या. "चालू द्या तुमचं. मात्र ऑरिन, जरा मोठ्यानं बोल, मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही."

ऑरिननं तोंड उघडलं. मग मिटलं. बाहेर एका ट्रकनं भोंगा वाजवला, आणि सवयीप्रमाणे आम्ही सगळे तो संपेपर्यंत थांबलो.

"वर्ना," तो म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा. "रविवारी... धक्क्यावर येशील?"

"हेच विचारायला पँट आखूड केलीत?"

"नाही. ते... तिथं विचारणार आहे."

शिडीवरचा दिवेवाला एवढा हसला, की दिवा हलला आणि इम्रेला सगळं पहिल्यापासून लावावं लागलं. दुसऱ्या फळीला आणखी अर्धा तास तिथंच बसावं लागलं. कुणीही तक्रार केली नाही.

रविवारी त्यानं विचारलं म्हणे. वाक्य संपेपर्यंत शिंपले गार झाले, आणि वर्नानं त्याआधीच हो म्हणून टाकलं होतं.

पुढच्या वर्षी 'ओहोटी' बंद पडली. तळं उपसलं, तळाशी किती तरी चमचे आणि पेट्राकिसचा कधीचा हरवलेला, ओरडायचा भोंगा निघाला. मिस फेअरबर्नच्या नाटकात वर्नानं थोडे पैसे घातले. नाटक आपटलं, पण दोघींचं पत्र-बित्र चालू राहिलं, आणि पत्रात नाव बरोबर असायचं. वर्ना-ऑरिन ऑरेगॉनला न जाता रिसीडातल्या त्याच्या जुन्या घरात राहिले. मिंक कुत्र्याला अंथरलेला. कुत्रा मिसेस आल्ड्रिचकडच्या पिल्लांतला.

मी गेले होते मागच्या महिन्यात. परसात दोन बसायच्या जागा आहेत. कापडी खुर्चीवर ऑरिन बसतो, पाठीवर 'वर्ना प्रुइट' तसंच. आणि बादलीवर ती. मी फाटकातून आत शिरले तशी ती चटकन उठली, दोन पावलं डावीकडे सरकली, आणि मला म्हणाली, "बस गं चेलो, गरम आहे."

"तूच बस," ऑरिन म्हणाला. "चेलोसाठी... दुसरी बादली आणतो."